दोन तोंडांचे घड्याळ

मित्रांनो, मला दोन तोंडे आहेत, पण मी दुतोंडी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिले की प्रत्येकाला हीच कोटी सुचते आणि प्रत्येकाला वाटते की ती आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. मी बुद्धिबळाच्या डावात वापरायचे जुने घड्याळ आहे. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन तबकड्या, डोक्यावर दोन खटके आणि पाठीला दोन चाव्या, एवढाच माझा देह. डावीकडची काच तडकलेली आहे. ती का तडकली ते ओघात येईलच.

माझा जन्म घड्याळांच्या एका कारखान्यात झाला. तिथे तबकडीवर बाराच्या आकड्यापाशी इवलीशी लाल झेंडी बसवणारी एक बाई होती. झेंड्या बसवून झाल्या की ती मला कानाशी धरी आणि दोन्ही यंत्रांची टिकटिक ऐके. "दोघी जावांना एका घरात नांदायचंय," ती शेजारणीला म्हणे, "सूर जुळला नाही तर सगळ्यांच्या डोक्याला ताप." सूर जुळेपर्यंत तिने मला पुन्हा पुन्हा उघडले. तेव्हा मला तिचा राग आला होता. आज वाटते, तिने तेवढी मेहनत घेतली म्हणूनच मी इतकी वर्षे टिकले.

माझे काम सोपे आहे. खेळाडूने खेळी केली की त्याने आपल्या बाजूचा खटका दाबायचा. मग त्याची वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. दोन्ही बाजू एकदम कधीच चालत नाहीत. वेळ संपत आली की मिनिटकाटा लाल झेंडीला हळूहळू उचलतो आणि काटा बारावर आला की झेंडी पडते. झेंडी पडली की डाव गेला, मग पटावर तुमचा वजीर असो नाहीतर दोन हत्ती. खटके दोन्ही सारख्या उंचीवर आणून ठेवले, तर मात्र दोन्ही तोंडे गप्प होतात.

मला एका बुद्धिबळ क्लबने विकत घेतले. क्लब म्हणजे शिवणकामाच्या दुकानावरची एक खोली. खाली शिलाई मशीनची खडखड, वर आमची टिकटिक. क्लब चालवणारे गृहस्थ शाळेत भूमिती शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत. खालचे दुकान त्यांच्या बायकोचे होते. त्यांची लेक लहानपणापासून माझ्यासमोर खेळली. ती वजिराला हात लावायची नाही, नुसती प्यादी एकेक घर पुढे ढकलत राहायची, म्हणून तिचे नाव मुंगी पडले. त्या मुंगीने भल्याभल्यांना घाम फोडला.

आमच्या गावात दरवर्षी मोठी स्पर्धा होई. शेजारच्या देशातले खेळाडूही येत. टेबलावर माझ्या एका अंगाला त्यांचा छोटा कापडी झेंडा असे, दुसऱ्या अंगाला आमचा, आणि मधे मी. स्पर्धेत मला पहिल्या टेबलाचा मान होता. वर्तमानपत्रात फोटो आला, तेव्हा त्यात माझीच बाजू सर्वांत ठळक होती. सरांचे अर्धे डोके कापले गेले होते, पण ती छायाचित्रकाराची चूक.

शेजारच्या देशातून येणारा दातांचा एक डॉक्टर दरवर्षी सरांकडेच उतरे. मुंगी लहान असताना तिचा एक दात हलत होता. "माझा उंट कुठे चाललाय बघ बरं," असे म्हणून त्याने तिची नजर पटावर खिळवली आणि दात अलगद काढून तिच्या हातावर ठेवला. तेव्हापासून तो दातकाका झाला. तो सरांना दादा म्हणे. दोघे जेवणे होईपर्यंत आणि जेवणे झाल्यावरही झटपट डाव खेळत आणि माझ्या डोक्यावर असे धपाटे घालत की सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून म्हणत, "अहो, ते घड्याळ आहे, खलबत्ता नाही."

मग विजेवरची घड्याळे आली. त्यांना ना चावी, ना टिकटिक, ना झेंडी. आकडे तेवढे लुकलुकतात. मी नावे ठेवत नाही, ती हिशेबाला पक्की असतात. पण मला कपाटात ठेवले गेले, कान तुटलेल्या एका घोड्याच्या आणि जुन्या पटांच्या सोबतीला. सर अधूनमधून मला बाहेर काढत, चाव्या देत, थोडा वेळ ऐकत बसत आणि पुन्हा आत ठेवत. क्लबमधल्या कुणीतरी मला भंगारात घालायचे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "म्हाताऱ्यांना भंगारात घालायचं ठरलं तर माझाही नंबर जवळ आलाय." विषय तिथेच मिटला.

एके दिवशी शेजारच्या देशाने आमच्यावर चाल केली. मित्रांनो, चाल हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले होते. या अर्थाने तो पहिल्यांदाच ऐकला.

काही दिवसांतच शिवणाच्या दुकानाच्या काचा गेल्या, मग आमच्या खोलीचे छत गेले. सरांनी ढिगाऱ्यातून पटावरची मोहरी वेचली, मला काखोटीला मारले आणि शाळेच्या तळघरात आणले. तिथे निम्मी गल्ली राहायला आली होती. वीज नव्हती. विजेवरच्या घड्याळांचे सेल काढून लोकांनी टॉर्चमध्ये घातले आणि ती हुशार घड्याळे मुकी होऊन कोपऱ्यात पडली. मला त्यात आनंद वाटायला हवा होता. तो वाटला नाही.

सरांनी तळघरात मुलांसाठी स्पर्धा भरवली. "घड्याळ लावलं की मुलं वरचं ऐकत नाहीत, समोरचं ऐकतात," ते म्हणाले. खरेच तसे होई. वर धडाड आवाज होत आणि खाली एखादी मुलगी कपाळाला आठ्या घालून, घोडा कुठे ठेवावा याचा विचार करत बसलेली असे. एकदा स्फोट फारच जवळ झाला. छताचा गिलावा कोसळला, टेबल कलंडले, मी खाली पडले आणि माझी काच तडकली. धुरळ्यात सगळे एकमेकांना हाका मारत होते. त्यात एक लहान मुलगी रडत रडत विचारत होती, "सर, माझी वेळ चालू आहे का?"

सरांनी मला चाचपडत शोधले आणि माझे दोन्ही खटके सारखे केले. "नाही बाळा," ते म्हणाले, "थांबवलंय मी."

त्याच सुमारास दातकाकाचा निरोप आला. त्याच्या देशातल्या काही बुद्धिबळपटूंनी युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढले होते आणि त्यावर त्यानेही सही केली होती. त्याचा दवाखाना बंद करायला लावला होता. त्याने लिहिले होते, "दादा, मला तोंड दाखवायला जागा नाही."

"आता तोंड दाखवायला जागा नाही म्हणे," मुंगी म्हणाली. "बाबा, त्याच्या सहीने एक तरी बॉम्ब थांबला का?"

"नाही थांबला," सर म्हणाले. मग त्यांनी उत्तर लिहिले, "आधी तिथून बाहेर पड. जागेचं नंतर बघू."

गावातल्या दवाखान्याला रुग्णवाहिका चालवायला माणसे हवी होती. सरांनी नाव दिले. मायलेकींना मात्र त्यांनी सीमेपलीकडे, तिसऱ्याच एका देशात पाठवायचे ठरवले. वहिनी ऐकेनात. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही इथे असलात तर माझं लक्ष रस्त्यावर राहणार नाही." मग वहिनींनी बॅगा भरायला घेतल्या. सरांनी मला एका स्वेटरमध्ये गुंडाळून मुंगीच्या पिशवीत ठेवले. रोज सकाळी गाडी काढण्याआधी फोन करायचा, असे त्यांनी लेकीला वचन दिले.

मित्रांनो, बुद्धिबळ खेळणारी माणसे मोठी भांडकुदळ असतात. हरलेला डाव ती वर्षानुवर्षे विसरत नाहीत. पण त्या दिवसांत देशोदेशींच्या खेळाडूंनी एकमेकांना फोन करून विचारले, कुणाकडे खोली आहे, कुणाकडे गाडी आहे. नवीन शहरात आम्हाला घ्यायला जो टॅक्सीवाला आला, त्याला सरांनी फार वर्षांपूर्वी हरवले होते. "तुमच्या नवऱ्यानं माझा घोडा फुकटात घेतला होता," तो वहिनींना दारातच म्हणाला आणि सगळ्या बॅगा उचलून आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेला. भाड्याचे नाव काढले की तो रागावे.

तिथला क्लब एका वाचनालयाच्या मागच्या दालनात भरे. ग्रंथपाल बाईच पंच होत्या. त्यांनी आमच्याकडच्या मुलांसाठी पट गोळा केले, त्यांची प्रवेश फी माफ केली. नामांकित खेळाडू येऊन एकाच वेळी अनेकांशी खेळले आणि जमलेली रक्कम औषधांसाठी पाठवली. जागतिक संघटनेने शेजारच्या देशाचा संघ स्पर्धांतून काढला. त्यांच्या खेळाडूंना एकेकट्याने खेळता येई, पण टेबलावर झेंडा ठेवता येत नसे. त्यांच्यातल्या एकाने सैन्याची जाहीर वाहवा केली, त्याच्यावर काही महिन्यांची बंदी आली. बरेच जण गप्प राहिले. कुणाला घरच्यांची भीती होती, कुणाला कसलीच पर्वा नव्हती. गप्प माणसाच्या मनातले मला कळत नाही. मला फक्त त्याची वेळ जाताना कळते.

एका शनिवारी त्या दालनात दातकाका आला. आधी मी त्याला ओळखले नाही. दाढी वाढली होती, कोट अंगावर लोंबत होता. त्याच्या नावाच्या पाटीवर झेंड्याची जागा कोरी होती. मुंगी उठून खिडकीपाशी गेली. टॅक्सीवाल्याने बाईंना बाजूला घेतले, ते नेमके माझ्या टेबलापाशी.

"झेंडा काढला म्हणून माणूस बदलतो का, बाई?"

"त्यांनी सही केली होती. दवाखाना गेला, घर गेलं."

"घर हिचंही गेलंय. हिनं कशावर सही केली होती?"

बाईंनी हातातली नावांची यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मला याचं उत्तर येत नाही. पण या दारातून मी कुणालाही परत पाठवणार नाही."

दातकाका खिडकीपाशी गेला. "मुंगी," तो हळूच म्हणाला, "केवढी मोठी झालीस."

"मला या नावानं हाक मारू नका," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि त्यानंतर तो तिला कुठल्याच नावाने हाक मारेनासा झाला.

क्लबच्या स्पर्धेत व्हायचे तेच झाले. चिठ्ठ्या निघाल्या आणि दोघे समोरासमोर आले. मुंगी जिथे बसे तिथे विजेवरचे घड्याळ बाजूला करून मला ठेवायचे, असा बाईंनी प्रघात पाडला होता. त्यामुळे मी त्या दोघांच्या मधेच होते. डावाआधी हात मिळवायची पद्धत असते. मुंगीने हात खिशात घातले. दातकाकाने पुढे केलेला हात हळूच मागे घेऊन आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

त्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला नव्हता. हे त्या दालनात फक्त मुंगीला आणि मला माहीत होते, कारण मला पिशवीत भरायचे सोडून ती सकाळभर फोनकडेच बघत बसली होती. बुद्धिबळात एक कडक नियम आहे. डाव चालू असताना ज्याचा फोन वाजेल, तो हरला. म्हणून सगळे आपापले फोन बंद करून पंचांकडे देतात. मुंगीने दिला नाही. तो तिच्या जाकिटात होता आणि चालू होता.

ती वाईट खेळत होती. तिचा घोडा गेला, मग हत्तीही अडकला. आता दोन-तीन खेळ्यांचाच प्रश्न होता. आणि तिच्या जाकिटात फोन वाजला.

सगळे दालन वळून बघू लागले. बाई खुर्चीतून उठल्या. त्या टेबलापाशी पोचायच्या आत दातकाकाने माझे दोन्ही खटके सारखे केले, आपला राजा पटावर आडवा ठेवला आणि म्हणाला, "मी डाव सोडला."

"अहो, फोन आधी वाजला," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर जिंकत होतात."

"मला हा डाव जिंकता यायचा नाही, बाई. सोडलाय मी. संपला." मग तो मुंगीकडे न बघता म्हणाला, "जा, फोन घे."

ती बाहेरच्या बोळात धावली. दार अर्धवट उघडे राहिले होते. तिचा आवाज मला ऐकू आला.

"आई, परत सांग."

मग पुन्हा, "आई, परत सांग ना."

सरांची रुग्णवाहिका जखमींना आणायला गेली होती आणि रस्त्यातच तिच्यावर तोफगोळा पडला होता. सरांना डाव थांबवायलाही कुणी मिळाले नाही.

मुंगी जाकीट घ्यायला आत आली. दातकाका उभा होता. त्याला सगळे कळले होते, कारण तिचा चेहरा कुणालाही कळेल असा झाला होता. "तुम्ही डाव सोडलात," ती म्हणाली. "त्यानं काय झालं?" ती गेली. मी तिथेच राहिले.

पुढच्या शनिवारी त्या क्लबमध्ये आणि म्हणे इतर कितीतरी देशांतल्या क्लबांमध्ये डाव सुरू होण्याआधी सगळे सरांसाठी उभे राहिले. लांबलांबहून निरोप आले. कुणी त्यांच्या नावाने स्पर्धा ठेवली, कुणी त्यांचा एखादा सुंदर डाव आठवून छापला. सगळी माणसे मनापासून वागत होती, मी त्यात खोट काढणार नाही. पण सर नव्हते. ते सगळे निरोप टॅक्सीवाल्याने वरच्या मजल्यावर नेऊन दिले आणि जिन्यात बसून तो लहान मुलासारखा रडला, असे त्यानेच बाईंना सांगितले.

दातकाका दर शनिवारी येई. आधी माझ्या दोन्ही चाव्या देई, मग पट मांडून माझ्यासमोर बसून राही. त्याच्याशी खेळायला कुणी फारसे येत नसे. कधी टॅक्सीवाला समोर बसे, एक शब्द न बोलता डाव खेळे आणि उठून जाई. त्याने दातकाकाला माफ केले होते की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा त्यालाही नसावे.

बऱ्याच शनिवारांनंतर मुंगी आली. ती वाळली होती. तिने दालनभर नजर फिरवली, सरळ आमच्या टेबलापाशी आली आणि खुर्ची ओढून पांढऱ्या मोहऱ्यांसमोर बसली. दातकाकाने ताबडतोब दोन्ही हात टेबलाखाली घेतले. हात मिळवावा की नाही, हा पेच तिच्यापुढे पडू नये म्हणून त्याने तसे केले, हे मला समजले. तिने राजापुढचे प्यादे पुढे सरकवले आणि माझा खटका दाबला.

डाव सुरू झाला. तो एक हात काढी, मोहरे हलवी, खटका दाबी आणि हात पुन्हा टेबलाखाली नेई. असे बराच वेळ चालले. दोघांचीही वेळ संपत आली होती. मग एका खेळीला त्याने उंट हलवला आणि घाईघाईने हात परत खाली नेला. खटका दाबायचाच राहिला.

मित्रांनो, अशा वेळी समोरच्याने आठवण करून द्यावी असा नियम नाही. तो गप्प बसला तरी त्याला कुणी नावे ठेवत नाही. विसरलेला माणूस समोरच्याच्या खेळीची वाट बघत बसतो आणि त्याची स्वतःचीच वेळ निघून जाते. दातकाका खाली मान घालून पटाकडे बघत होता. त्याची तबकडी चालू होती. काट्याने लाल झेंडीला खालून टेकू दिला आणि ती उचलली जाऊ लागली. मला बोलता येत नाही. जमेल तेवढे मोठ्याने मी टिकटिकत राहिले.

मुंगी माझ्याकडे बघत होती. तिला सगळे दिसत होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होते, ते तिने पुसलेही नाही. झेंडी आडवी झाली, आता ती कुठल्याही क्षणी पडणार होती.

"काका," ती म्हणाली, "घड्याळ."

त्याने दचकून वर पाहिले. मग हात बाहेर काढून खटका दाबला आणि तो हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवून तो रडू लागला. तिने त्याला थांबवले नाही, समजावलेही नाही. तिची वेळ आता चालू झाली होती. ती पटाकडे वळली आणि विचार करू लागली.

मित्रांनो, त्यांनी त्या दिवशी हात मिळवला नाही. पुढचे मला सांगता यायचे नाही. पण माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते की मला जपा, ते मी म्हणणार नाही. तुम्ही चावी द्यायला विसरलात तर मी नुसते थांबेन, वर्षानुवर्षे कपाटात पडून राहीन, आणि कुणी येऊन चावी दिली की पुन्हा चालू लागेन. माझे त्यात फारसे काही बिघडत नाही. सरांना मात्र आता कुणीही चावी देऊ शकत नाही. म्हणून तुम्ही माणसांना जपा, टेबलाच्या या बाजूच्या आणि त्या बाजूच्याही. त्यांची वेळ चालू आहे तोवरच जपा.